तीन वेळा एकच आकडा आला आणि ‘सर’ सिरिल बर्ट यांच्या ६० वर्षांच्या नावाला ग्रहण लागलं

एक साधं गणित करून बघा.

एका बॅट्समनने २१ इनिंग खेळल्या आणि त्याचं ॲव्हरेज आलं ४७.७१. तो आणखी खेळला, ३० च्या वर इनिंग झाल्या, ॲव्हरेज पुन्हा ४७.७१. पुढे ५३ इनिंग झाल्या तरी ४७.७१ च. पॉइंटनंतरचा आकडासुद्धा हलला नाही. कट्ट्यावर बसलेला कोणीही माणूस म्हणेल, स्कोअररने काहीतरी घोळ घातलाय.

पण हा स्कोअरर देशातला सगळ्यात मोठा मानसशास्त्रज्ञ असेल तर? त्याला राजाकडून ‘सर’ किताब मिळालेला असेल, आणि ज्या जर्नलमध्ये आकडेवारी छापून येते त्यातल्या एका जर्नलचा संपादक तोच असेल तर?

तर मग कोणी काहीच बोलत नाही. १९५५ ते १९७२ या काळात अगदी हेच झालं. त्या माणसाचं नाव सिरिल बर्ट आणि तो आकडा होता ०.७७१.

आता थोडं मागं जाऊ.

सिरिल बर्ट यांचा जन्म ३ मार्च १८८३ चा, लंडनमधला. वडील डॉक्टर होते, पण खिशाने फार जड नव्हते. मुलगा दहाएक वर्षांचा असताना हे कुटुंब वॉरिकशर परगण्यातल्या स्निटरफिल्ड नावाच्या गावात राहायला गेलं. वडील आसपासच्या खेड्यांत व्हिजिटला जायचे आणि पोराला सोबत न्यायचे. त्यांच्या पेशंटमध्ये एक बडं घराणं होतं, गाल्टन.

हे तेच गाल्टन. चार्ल्स डार्विनचे नात्याने आतेभाऊ असलेले फ्रान्सिस गाल्टन त्याच घराण्यातले. हुशारी ही आईवडिलांकडून रक्तातून येते, असं त्यांचं ठाम मत होतं. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं अभ्यासली तर निसर्ग किती आणि संगोपन किती याचा हिशोब लावता येईल, ही कल्पनाही त्यांचीच. ‘युजेनिक्स’ म्हणजे चांगल्या वंशाची पैदास वाढवण्याचं शास्त्र, हा शब्द त्यांनी १८८३ साली, म्हणजे बर्ट जन्मले त्याच वर्षी पहिल्यांदा वापरला. डॉक्टरांच्या त्या पोराने या म्हाताऱ्याला पाहिलं, त्याच्याबद्दल घरात ऐकलं आणि तो विचार त्याच्या डोक्यात जो बसला तो शेवटपर्यंत उतरला नाही.

पुढे ऑक्सफर्डला शिक्षण, मग १९०८ साली लिव्हरपूलला नोकरी. तिथे बर्ट गरीब वस्तीतल्या लोकांमध्ये राहिले. १९०९ मध्ये बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवरचा त्यांचा पहिला मोठा शोधनिबंध आला. १९१३ साली लंडन काउंटी कौन्सिलने त्यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. अशी सरकारी जागा ब्रिटनमध्ये त्याआधी कुणालाच मिळाली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर बर्ट यांच्यावर अन्याय होईल. या काळातलं त्यांचं काम खरोखर चांगलं होतं. अभ्यासात मागं पडणारी पोरं, चोऱ्यामाऱ्या करणारी पोरं, कोर्टात उभी केलेली पोरं, अशांना ते प्रत्यक्ष भेटत. घरी जात, आईबापांशी बोलत. १९२५ मध्ये त्यांनी बालगुन्हेगारीवर लिहिलेलं पुस्तक पुढे अनेक वर्षं शिक्षकांच्या हाताशी असायचं. पोरगं बिघडतं त्यामागे एकच कारण नसतं, दहा कारणं एकत्र येतात, हे त्यांनी केसेस दाखवून सांगितलं होतं. इंग्लंडमधल्या हजारो मास्तरांना मुलांकडे बघायची नवी नजर त्यातून मिळाली.

१९३२ मध्ये ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्रोफेसर झाले. चार्ल्स स्पिअरमन या दिग्गजाच्या खुर्चीवर. १९४६ ला नाइटहूड मिळालं, सर सिरिल बर्ट. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञाला ‘सर’ म्हणायची ही पहिलीच वेळ.

बाहेरून सगळं झकास होतं. आतून मात्र पडझड सुरू झाली होती. वयाच्या पन्नाशीला येता येता त्यांनी आपल्याहून बऱ्याच वर्षांनी लहान विद्यार्थिनीशी लग्न केलं होतं, ते पुढे टिकलं नाही. युद्धात कॉलेजवर बॉम्ब पडले. डिपार्टमेंट वेल्समधल्या ॲबरिस्टविथला हलवावं लागलं आणि बर्ट यांचे बरेच जुने कागद या धांदलीत गेले. १९४१ च्या सुमारास त्यांना कानाचा मेनिएर्स नावाचा आजार जडला. त्यात अचानक गरगरतं, ऐकू कमी येतं. १९५० च्या आसपास निवृत्ती आली. ज्या डिपार्टमेंटवर राज्य केलं तिथल्या नव्या मंडळींशी पटेना.

आता हातात काय राहिलं? एक जर्नल.

१९४७ साली ब्रिटिश सायकोलॉजिकल सोसायटीने संख्याशास्त्रीय मानसशास्त्रासाठी एक वेगळं जर्नल सुरू केलं होतं. बर्ट आणि गॉडफ्री थॉमसन हे त्याचे संपादक. १९५५ मध्ये थॉमसन वारले. पुढे १९६३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत, या जर्नलवर बर्ट यांचंच चालायचं.

जर्नलचा संपादक म्हणजे नक्की कोण, हे जरा नीट समजून घ्यायला पाहिजे.

वर्तमानपत्राचा संपादक चुकला तर दुसऱ्या दिवशी दुसरं वर्तमानपत्र त्याची सालं काढतं. विज्ञानात तसं नसतं. एखाद्या छोट्या विषयात जगात दोन-चारच जर्नल असतात. तिथे छापून आलं की ते ‘सिद्ध झालं’ असं धरलं जातं. पुढचे संशोधक तो आकडा उचलतात, त्यावर आपलं घर बांधतात, मग पाठ्यपुस्तकात येतं, मग सरकारी कमिटीत येतं. दर वेळी कोणी मूळ वह्या काढून बघत नाही. संपादकाने आणि त्याने नेमलेल्या परीक्षकांनी बघितलं असेल, या विश्वासावर गाडी चालते. म्हणून संपादकाच्या हातात जी चावी असते ती फार मोठी असते. आणि त्या काळात ही चावी कशी वापरायची याचे लेखी नियम जवळपास नव्हतेच. चांगल्या घरातला, चांगल्या कॉलेजातला माणूस आहे, तो नीटच वागेल, एवढ्यावर भागायचं.

बर्ट नीट वागले नाहीत.

दुसऱ्यांनी पाठवलेल्या लेखांत ते स्वतःच्या मनाने बदल करायचे. शुद्धलेखन नव्हे, मतं. हान्स आयसेंक हे पुढे जगप्रसिद्ध झालेले मानसशास्त्रज्ञ त्यांचे विद्यार्थी. आपल्या नावाने छापून आलेल्या अगदी सुरुवातीच्या लिखाणात बर्ट यांनी परस्पर फेरफार केले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. (नियतीचा खेळ असा, की २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत खुद्द आयसेंक यांचे २६ शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं ठरलं. पण ती स्टोरी वेगळी.)

मग स्पिअरमन यांचं प्रकरण. अनेक परीक्षांचे मार्क एकत्र ठेवून त्यामागचा समान घटक शोधायचा, या पद्धतीला फॅक्टर ॲनालिसिस म्हणतात. तिचे जनक स्पिअरमन, हे साऱ्या जगाला माहीत होतं. स्पिअरमन जिवंत होते तोवर बर्टही तेच म्हणायचे. १९४५ ला स्पिअरमन गेले. त्यानंतर बर्ट यांच्या लेखांतून इतिहास हळूहळू सरकायला लागला. आधी स्पिअरमन मोठे, पण बर्टही सोबत. मग दोघे बरोबरीचे. मग खरं काम कार्ल पिअरसन यांनी केलं आणि १९०९ मध्ये ते मानसशास्त्रात पहिल्यांदा वापरलं बर्ट यांनी. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही आणि जर्नल स्वतःच्या हातात. १९५४ साली त्याच जर्नलमध्ये जाक लाफित नावाच्या कुणा फ्रेंच माणसाचं लिखाण आलं, त्यातही बर्ट यांचा उदोउदो होता. या लाफितचा पत्ता नंतर कुणाला लागला नाही. तो बर्ट यांनीच उभा केलेला असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला.

आणि मग जुळी.

एकसारखी जुळी म्हणजे एकाच बीजातून झालेली दोन मुलं. जनुकं तीच. आता समजा जन्मताच त्यांची ताटातूट झाली, एक श्रीमंताच्या घरी वाढलं आणि एक खाणकामगाराच्या. मोठेपणी दोघांचा आयक्यू सारखाच निघाला तर श्रेय जनुकांना. वेगळा निघाला तर संगोपनाला. हा निसर्गाने करून ठेवलेला प्रयोग आहे. अडचण एवढीच, की अशा जोड्या मिळता मिळत नाहीत. १९३७ मध्ये अमेरिकन संशोधकांना १९ जोड्या मिळाल्या. १९६२ मध्ये ब्रिटनमध्येच जेम्स शील्ड्स यांना ४४ मिळाल्या. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकाला १२.

शिवाय दुसरी अडचण होती. ताटातूट झालेली जुळी बहुतेक वेळा एकमेकांसारख्याच घरात जातात. एक आईकडे राहतं, एक मावशीकडे. दोन्ही घरं एकाच गल्लीतली, एकाच पगारातली. मग आयक्यू सारखा आला तरी तो जनुकांमुळे की गल्लीमुळे, हे कसं सांगणार?

इथे बर्ट सगळ्यांच्या पुढे निघून गेले. १९४३ मध्ये त्यांनी १५ जोड्यांचा उल्लेख केला, साम्याचा आकडा ०.७७. १९५५ मध्ये जोड्या झाल्या २१, आकडा ०.७७१. १९५८ मध्ये ३० हून जास्त, आकडा ०.७७१. १९६६ मध्ये ५३ जोड्या, तोवरचा जगातला सगळ्यात मोठा नमुना, आणि आकडा ०.७७१. एकत्र वाढलेल्या जुळ्यांचा आकडाही असाच खिळा ठोकल्यासारखा, ०.९४४. आणि वर त्यांचा दावा असा, की आपल्या जोड्यांमध्ये दोन्ही घरांच्या आर्थिक पातळीत काही संबंधच नाही. म्हणजे गल्लीचा प्रश्नच मिटला. वादात एका बाजूला हवा असतो तसा पुरावा, एकही डाग नसलेला.

यात लपवाछपवी करावी लागली असंही नाही. १९५५ आणि १९६६ चे शोधनिबंध तर बर्ट यांच्या हातात नसलेल्या जर्नलमध्ये आले होते. तिथल्या संपादकांनीही ते छापले. कोण विचारणार? सर सिरिल होते ते. ही जुळी कुठे भेटली, कधी भेटली, कोणती चाचणी दिली, हे तपशील धड कुठेच नव्हते. एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याने असा प्रबंध दिला असता तर गाईडने तो तोंडावर फेकला असता.

या संशोधनात दोन बायकांची नावं यायची. मार्गारेट हॉवर्ड आणि जे. कॉनवे. त्या जुळी शोधतात, चाचण्या घेतात, आकडेमोड करतात असं बर्ट सांगायचे. १९५६ चा एक शोधनिबंध बर्ट आणि हॉवर्ड यांच्या नावावर आहे. १९५८ चा एक लेख कॉनवे यांच्या नावावर, तो मात्र बर्ट यांच्याच जर्नलमध्ये. याशिवाय या दोघी पुस्तक परीक्षणं लिहायच्या, बर्ट यांच्या टीकाकारांवर तुटून पडायच्या. भाषाशैली अगदी बर्ट यांच्यासारखी. बर्ट यांचं संपादकपद गेलं आणि या दोघींचं लिखाणही थांबलं.

आता कुणी म्हणेल, दोन-चार खोटे आकडे, त्याने कुणाचं काय बिघडलं?

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर एक परीक्षा घराघरात पोचली, इलेव्हन प्लस. पोरगं अकरा वर्षांचं झालं की परीक्षा. त्यात बुद्धिमत्ता चाचणी. पास झालं तर ग्रामर स्कूल, पुढे युनिव्हर्सिटीचा रस्ता. नापास झालं तर सेकंडरी मॉडर्न, पुढे कारखाना नाहीतर दुकान. भाग कुठला त्यावर प्रमाण बदलायचं, पण चारातलं जेमतेम एखादं पोर ग्रामर स्कूलला जायचं. आपल्याकडे दहावीच्या मार्कांवर आयुष्य ठरतं म्हणून आपण ओरडतो. तिथे ते पाचवी-सहावीच्या वयात ठरत होतं. एकाच घरातलं एक भावंडं इकडे, एक तिकडे.

ही परीक्षा एकट्या बर्ट यांनी आणली, असं म्हणणं चूक ठरेल. कमिट्या होत्या, मंत्री होते, वर्गात मुळातच कमी जागा होत्या. पण त्याआधीच्या दोन दशकांत सरकारी शिक्षण समित्यांना सल्ला देणाऱ्यांत बर्ट यांचा शब्द वजनदार होता. अकराव्या वर्षी मुलाची बुद्धी मोजता येते, ती बहुतांशी जन्मजात असते आणि पुढे फारशी बदलत नाही, या समजुतीला शास्त्राचा शिक्का लागत होता तो त्यांच्यासारख्यांचाच. १९६० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढायची चर्चा सुरू झाली, १९६५ मध्ये सरकारने सर्वांसाठी एकच शाळा करा असं परिपत्रक काढलं. तेव्हा जुन्या पद्धतीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत म्हातारे बर्ट होते. १९६६ चा ५३ जोड्यांचा शोधनिबंध नेमका याच धामधुमीत आला. १९६९ मध्ये त्यांनी १९१४ ते १९६५ या काळात शाळेतल्या मुलांची पातळी कशी घसरली याचा तक्ता छापला, तोही पुढे संशयाच्या यादीत गेला.

अटलांटिकच्या पलीकडे तर प्रकरण आणखी पेटलं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातले आर्थर जेन्सन यांनी एक लांबलचक लेख लिहिला. गरीब आणि काळ्या मुलांसाठी चालवलेल्या विशेष शिक्षण योजना फसतात, कारण आयक्यू मुख्यतः आनुवंशिक असतो, असा त्याचा रोख. त्यात बर्ट यांच्या जुळ्यांना मानाचं पान होतं. लंडनमधल्या एका म्हाताऱ्याच्या फ्लॅटमधून निघालेला आकडा अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या शाळेपर्यंत पोचला होता.

त्याच सुमाराची एक गोष्ट आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोफर जेंक्स यांनी बर्ट यांना पत्र पाठवून ५३ जोड्यांचे मूळ आकडे मागितले. अगदी साधी विनंती. आकडे कपाटात असतील तर झेरॉक्स काढून पाठवायचे, विषय संपला. बर्ट यांनी उशिराने तक्ता पाठवला आणि उशिराचं कारण दिलं, की कागद कॉलेजात होते, नाताळची सुट्टी होती. पण बर्ट रोज डायरी लिहायचे. त्या डायरीत जानेवारी १९६९ चा जवळजवळ आठवडा जेंक्ससाठी जुळ्यांचे आकडे ‘काढण्यात’ गेल्याच्या नोंदी आहेत. कपाटात असलेले आकडे काढायला आठवडा लागत नाही.

१० ऑक्टोबर १९७१ ला बर्ट वारले. वय ८८. त्याच वर्षी अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनने त्यांना थॉर्नडाइक पुरस्कार जाहीर केला होता. अमेरिकेबाहेरच्या माणसाला तो पहिल्यांदाच मिळत होता. अंत्यविधीला त्यांच्याबद्दल बोलायला उभे राहिले लिव्हरपूलचे प्रोफेसर लेस्ली हर्नशॉ. ते बर्ट यांचे चाहते. भाषण इतकं चांगलं झालं, की बर्ट यांच्या बहिणीने त्यांना भावाचं चरित्र लिहायची गळ घातली. सगळी पत्रं, सगळ्या डायऱ्या त्यांच्या ताब्यात दिल्या.

दुसरीकडे फ्लॅटमध्ये कागदांची खोकी पडली होती. एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यातली काही जाळून टाकण्यात आली. जुना कचरा समजून.

वर्षभरातच अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये लिओन केमिन नावाच्या प्रोफेसरला एका विद्यार्थ्याने बर्ट यांचा १९६६ चा लेख वाचायला लावला. केमिन आयक्यूवाले नव्हतेच, ते उंदरांवर प्रयोग करायचे. त्यामुळे बर्ट यांच्या नावाचं दडपणही त्यांना नव्हतं. काही मिनिटांतच त्यांच्या लक्षात आलं की इथे काहीतरी गडबड आहे. मग त्यांनी जुने लेख शेजारी शेजारी ठेवले. २१ जोड्या, ०.७७१. तीसच्या वर जोड्या, ०.७७१. ५३ जोड्या, ०.७७१. १९७२ पासून ते हे भाषणांतून सांगू लागले, १९७४ मध्ये पुस्तक आलं. केमिन डाव्या विचारांचे, मॅकार्थीच्या काळात चौकशीपुढे नावं सांगायला नकार दिल्यामुळे त्यांना अमेरिका सोडून कॅनडात नोकरी करावी लागली होती. त्यामुळे हा राजकीय हल्ला आहे, अशी ओरड झाली. पण त्याच १९७४ मध्ये दुसऱ्या टोकाच्या जेन्सन यांनीही स्वतः तपासणी करून हे आकडे आता वापरण्यालायक नाहीत असं लिहून टाकलं. जेन्सन यांच्या मते हा म्हाताऱ्याचा निष्काळजीपणा होता. केमिन यांच्या मते असे आकडे विज्ञानात गंभीरपणे घेण्याच्या लायकीचेच नव्हते.

‘फ्रॉड’ हा शब्द छापायची हिंमत केली ती पत्रकाराने. संडे टाइम्सचे ऑलिव्हर गिली या दोन बायकांना शोधायला निघाले. विद्यापीठाचे रेकॉर्ड चाळले, जुन्या सहकाऱ्यांना गाठलं, टाइम्समध्ये जाहिरात दिली. हॉवर्ड नाही, कॉनवे नाही. त्या परदेशी निघून गेल्या, असं बर्ट यांनी घरी सांगितलं होतं म्हणे. २४ ऑक्टोबर १९७६ ला संडे टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी फुटली आणि लंडनच्या विद्वानांत दोन तट पडले. जर्नल, परीक्षक, सोसायटी, विद्यापीठ अशी एवढी मोठी यंत्रणा वीस वर्षं बसून होती आणि दार ठोठावलं ते एका बातमीदाराने.

१९७८ मध्ये डोनाल्ड डॉर्फमन यांनी बर्ट यांचा १९६१ चा लेख उलगडला. ४०,००० बाप-मुलांच्या जोड्यांचा आयक्यू. हा लेख बर्ट यांच्याच जर्नलमधला. डॉर्फमन यांनी दाखवलं, की त्यातले आकडे पुस्तकातल्या आदर्श वक्ररेषेवर इतके चपखल बसतात, की खऱ्या माणसांचे ते असूच शकत नाहीत. खरी माणसं एवढी शिस्तीत नसतात.

आता सगळ्यांचं लक्ष हर्नशॉ यांच्याकडे. बर्ट निर्दोष ठरले तर सगळ्यात जास्त आनंद या माणसाला झाला असता. त्यांनी डायऱ्या पानन् पान वाचल्या. कोण चहाला आलं, काय वाचलं, कुठे फिरायला गेले, सगळं त्यात होतं. जुळ्यांना भेटल्याची नोंद नव्हती. हॉवर्ड आणि कॉनवे यांच्या भेटीची नोंद नव्हती. मग त्यांनी जर्नलमध्ये परीक्षणं, टिपणं आणि पत्रं लिहिणाऱ्या चाळीसेक लोकांची यादी काढली. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची ओळखच पटेना. म्हणजे बर्ट यांच्या जर्नलमध्ये जो वाद-संवाद चालायचा, त्यातला मोठा भाग बहुधा बर्टच बर्टशी करत होते.

१९७९ मध्ये चरित्र प्रसिद्ध झालं. अंत्यविधीला गौरवाचं भाषण केलेल्या माणसाने त्यात लिहिलं, की १९५० नंतर बर्ट यांनी जुळ्यांचा काहीही नवा डेटा गोळा केला नव्हता, आकडे बनावट होते. आधीच्या कामाला त्यांनी हात लावला नाही. आजारपण, युद्धात गेलेले कागद, मोडलेलं लग्न, हातातून गेलेलं डिपार्टमेंट यांनी हा माणूस शेवटी आतून बिघडला, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटिश सायकोलॉजिकल सोसायटीने १९८० मध्ये हा निष्कर्ष मान्य केला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण १९८९ मध्ये रॉबर्ट जॉइन्सन आणि १९९१ मध्ये रोनाल्ड फ्लेचर या दोघांनी बर्ट यांच्या बाजूने पुस्तकं लिहिली. त्यांचं म्हणणं, डेटा युद्धाआधीच गोळा झाला असेल, कागद हळूहळू सापडत गेले असतील. मार्गारेट हॉवर्ड नावाची बाई १९३० च्या दशकात आपण पाहिली होती, असं सांगणारेही निघाले. हा मुद्दा दमदार आहे. अगदीच हवेतून काढलेली बाई ती नसावी. पण १९३० च्या दशकात दिसलेली बाई १९५० च्या दशकात कुणालाच न दिसता लेख कशी लिहीत होती, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. कॉनवे यांच्याबाबतचा पुरावा तर त्याहून विरळ. १९९२ मध्ये सोसायटीने एक पाऊल मागं घेतलं आणि या वादात संस्था म्हणून आपलं काहीच मत नाही असं ठरवलं. १९९५ मध्ये निकोलस मॅकिन्टॉश यांच्या संपादनाखाली पुन्हा सगळे पुरावे तपासले गेले. बचावाच्या पुस्तकांनी काही आरोपांना भोकं पाडली हे खरं, पण जुळ्यांचे आकडे मात्र सावरता येत नाहीत, असा त्यातला एकूण सूर निघाला.

सगळ्यात विचित्र गोष्ट पुढेच आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये थॉमस बुशार्ड यांनी ताटातूट झालेल्या जुळ्यांचा खराखुरा, वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा आकडा ०.७ च्या आसपास आला. त्याआधी शील्ड्स यांचाही ०.७७ च्या जवळ होता. म्हणजे बर्ट यांनी जे बनवलं ते खऱ्यापासून फार लांब नव्हतं. बर्ट यांचे चाहते हे आजही पुढे करतात. पण परीक्षेत गणित न सोडवता शेजारच्याचं बघून उत्तर लिहिलं आणि ते बरोबर आलं, तर मास्तर पायऱ्यांचे मार्क देत नाही. शिवाय बुशार्ड यांच्या आकड्यावर वाद घालता येतो. त्यांची जुळी कुठे वाढली, कोणत्या वयात भेटली, हे विचारता येतं. बर्ट यांच्या ५३ जोड्यांना काहीच विचारता येत नाही.

१९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय जर्नलच्या संपादकांनी एकत्र येऊन कोप नावाची समिती काढली, कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स. संपादकाचा स्वतःचा लेख स्वतःच्या जर्नलमध्ये आला तर निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, लेखक म्हणून नाव असलेल्याने खरंच काम केलेलं असलं पाहिजे, मूळ डेटा मागितला तर दाखवता आला पाहिजे, मेलेल्या माणसाच्या कामाबद्दलही शंका आली तर चौकशी झाली पाहिजे, असल्या गोष्टी आता कागदावर आहेत. आपल्याकडे यूजीसीने पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा केलाय. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात तर पब्लिकेशन एथिक्ससाठी वेगळं केंद्रच उभं राहिलं. कोर्स बोअर होतो, अशी तक्रार करणाऱ्या पोरांची संख्या कमी नाही. त्यांना पहिल्या तासाला ०.७७१ हा आकडा फळ्यावर तीनदा लिहून दाखवायला हरकत नाही.

बर्ट यांच्या हातातलं ते जर्नल आजही निघतं, नाव थोडं बदलून. ५३ जोड्यांपैकी एकाही जुळ्याचं नाव त्यात कुठेच नाही.